देखभालीचे मोजमाप : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

स्मृतिभ्रंश, म्हणजे वैद्यकाच्या भाषेतील डिमेन्शिया, हा एकच एक आजार नसून मेंदूच्या निरनिराळ्या आजारांतून उद्भवणारी अवस्था आहे. तिच्यात स्मरणशक्ती जाते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिच्याबरोबर भाषा, स्थळकाळाचे भान, निर्णय घेण्याची ताकद आणि जेवण, आंघोळ, कपडे घालणे यांसारखी रोजची कामे स्वतःची स्वतः उरकण्याची क्षमताही वर्षानुवर्षे ढासळत जाते आणि अखेरच्या टप्प्यात माणूस सर्वस्वी दुसऱ्याच्या हातावर जगतो. अल्झायमरचा आजार हे या अवस्थेचे सर्वांत मोठे कारण. त्याचे पहिले वर्णन अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये केले, आणि पुढे कित्येक दशके विद्यापीठीय संशोधनाचा भर मेंदूवर, त्यातील पेशींवर आणि पेशींभोवती साचणाऱ्या प्रथिनांवर राहिला. तो मेंदू ज्याच्या डोक्यात आहे त्या माणसाला सकाळी उठवते कोण, रात्री तो दार उघडून बाहेर पडू नये म्हणून जागते कोण, त्या जागरणाची किंमत कोणाच्या नोकरीतून किंवा तब्येतीतून वसूल होते आणि तिच्यातला किती वाटा शासनाने उचलावा, हे प्रश्न संशोधनाचे विषय म्हणून मान्यता पावायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध सरत यावा लागला.

या प्रश्नांभोवती उभ्या राहिलेल्या अभ्यासक्षेत्राचे एक अंग प्रत्यक्ष देखभालीचे आहे आणि दुसरे दीर्घकालीन देखभालीच्या धोरणाचे. ज्या व्यक्तीची स्वावलंबनाची क्षमता कायमची कमी झाली आहे तिला महिनोन्‌महिने, बहुधा आयुष्याच्या शेवटपर्यंत लागणारी मदत म्हणजे दीर्घकालीन देखभाल. ही मदत औषधोपचाराहून वेगळी असते, कारण तिने माणूस बरा होत नाही. आणि दानधर्माहूनही वेगळी असते, कारण ती एकदा देऊन संपत नाही. या वेगळेपणामुळेच बहुतेक देशांत ती आरोग्य खाते आणि समाजकल्याण खाते यांच्या मधल्या फटीत पडून राहिली. तिचा अभ्यास करणारे लोकही एका विद्याशाखेचे नाहीत. कोणी मानसोपचारातून येतो, कोणी अर्थशास्त्रातून, कोणी समाजकार्यातून, आणि एखादा तर थेट धर्मपीठावरून. त्यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते : या क्षेत्रातील निर्णायक काम प्रश्नावल्या, निरीक्षणतक्ते, तासांच्या नोंदी आणि पात्रतेचे निकष यांसारख्या रुक्ष गोष्टींवर झाले आहे. कोणाला मदत मिळावी हे शासन ठरवते ते कुठल्या ना कुठल्या मोजपट्टीने; ती मोजपट्टी जे पाहू शकत नाही ते शासनालाही दिसत नाही. म्हणून मोजपट्टी घडवणे, तपासणे आणि चुकीची असेल तर बदलायला लावणे यातच अशा अभ्यासकाच्या आयुष्याची बरीच वर्षे जातात.

धर्मपीठावरून आलेला अभ्यासक म्हणजे टॉम किटवुड. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकून ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले, युगांडात अध्यापन करून परतले, पुढे चर्चपासून दूर गेले आणि इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळले. स्मृतिभ्रंशाच्या विषयात ते शिरले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते आणि १९९८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या कामामुळे त्यांचे नाव राहिले त्याला जेमतेम तेरा-चौदा वर्षे मिळाली. त्यांचे म्हणणे असे की, रुग्णाची जी अवस्था दिसते ती केवळ मेंदूतील बिघाडाचे फळ नसते. त्याच्याशी भोवतालचे लोक जसे वागतात त्याचाही तिच्यात वाटा असतो. रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलणे, त्याला लहान मुलासारखे दटावणे, त्याच्या गतीला न थांबता कामे उरकणे, तो करू शकत असलेली गोष्टही त्याच्या हातून काढून घेणे, अशा सतरा प्रकारच्या वागणुकींची त्यांनी नोंद केली आणि त्यांच्या एकत्रित परिणामाला त्यांनी घातक सामाजिक मानसशास्त्र असे म्हटले. हे करणारी माणसे दुष्ट असतात असा त्यांचा आरोप नव्हता. शुश्रूषागृहातील परिचारिका किंवा घरातील मुलगी हे सर्व मायेने आणि घाईतच करते, आणि म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

एवढ्यावर ते थांबले असते तर हे विवेचन सद्भावनेच्या उपदेशात जमा झाले असते. किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी त्याची मोजपट्टी केली. डिमेन्शिया केअर मॅपिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रशिक्षित निरीक्षक शुश्रूषागृहाच्या सामायिक दालनात काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रुग्णापुढे दोन नोंदी करतो : तो काय करत आहे याचे अक्षररूप चिन्ह आणि तो सुस्थितीत आहे की दुःस्थितीत याचा उणे पाचपासून अधिक पाचपर्यंतचा अंक. निरीक्षण झोपण्याच्या खोलीत किंवा स्नानगृहात करायचे नाही, असा नियम आहे. दिवसाअखेर तयार होणारा तक्ता कर्मचाऱ्यांपुढे ठेवला जातो, आणि अमुक बाई दुपारभर कोणाशी एक शब्द न बोलता भिंतीकडे पाहत बसल्या होत्या हे त्यांना स्वतःच्या कामाच्या नोंदीत वाचायला मिळते. पद्धतीवर आक्षेप बरेच आहेत : ती वेळखाऊ आहे, निरीक्षकागणिक अंक बदलू शकतो, आणि जे स्वतः बोलू शकतात त्यांचे म्हणणे तीत येत नाही. तरीही देखभालीचा दर्जा ही मोजता येणारी आणि म्हणून सुधारता येणारी गोष्ट आहे, हे या पद्धतीने प्रस्थापित केले. १९९७ चे ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ हे किटवुड यांचे पुस्तक आज या विषयाच्या अभ्यासक्रमांत वाचले जाते ते बव्हंशी याच कारणाने.

दुसरा प्रवाह त्याच इंग्लंडमधला, पण त्याचे पाणी अगदी निराळे. केंट विद्यापीठात १९७४ मध्ये ब्लेडिन डेव्हिस यांनी वैयक्तिक समाजसेवांच्या संशोधनासाठी एक केंद्र काढले. कारखान्यात कच्चा माल, श्रम आणि यंत्रे यांतून उत्पादन निघते तसा विचार कल्याणसेवांबाबत करता येईल काय, किती मनुष्यबळ आणि किती पैसा घातल्यावर एखाद्या वृद्धाच्या जगण्यात किती फरक पडतो हे तपासता येईल काय, असा त्यांचा आणि त्यांचे तरुण सहकारी मार्टिन नॅप यांचा प्रश्न होता. थॅनेट या भागात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी याची चाचणी घेतली. शुश्रूषागृहात जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या वृद्धांसाठी एकेक समाजकार्यकर्ता नेमला गेला आणि शुश्रूषागृहातील एका जागेवर जेवढा खर्च होतो त्याच्या दोन तृतीयांश मर्यादेपर्यंत रक्कम त्याच्या हाती देण्यात आली. ती त्याने आपल्या विवेकाने खर्च करायची, मग शेजारणीला डबा पोहोचवण्यासाठी पैसे देणे असो की रात्रीच्या सोबतीची व्यवस्था. या वृद्धांपैकी अधिक जण आपल्या घरी राहू शकले आणि एकूण खर्च वाढला नाही. एका समुद्रकाठच्या भागातील ही मर्यादित चाचणी पुढे १९८८ च्या ग्रिफिथ्स अहवालात आणि १९९० च्या सामुदायिक देखभाल कायद्यात उतरली. समाजशास्त्रीय संशोधनातून थेट कायदा निघाल्याची अशी उदाहरणे फार नाहीत; बहुतेक अहवाल कपाटांतच राहतात.

नॅप १९९० च्या दशकात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि देखभालीच्या अर्थशास्त्राचा तेथे मोठा विस्तार झाला. या शाखेचा सर्वांत अवघड प्रश्न असा आहे की, जे काम कोणी पगार न घेता करते त्याची किंमत कशी लावायची. एक रीत अशी की, तेच काम पगारी माणसाकडून करून घेतले असते तर किती खर्च आला असता ते काढायचे; दुसरी अशी की, ते काम करणाऱ्या व्यक्तीने तेवढ्या वेळात दुसरे काय कमावले असते ते पाहायचे. पहिल्या रीतीने निवृत्त पतीच्या आणि नोकरी सोडलेल्या मुलीच्या एका तासाची किंमत सारखी येते, दुसरीने पतीचा तास जवळजवळ फुकट ठरतो. रीत निवडण्याचा निर्णय वरवर तांत्रिक वाटला तरी तो मुळात नैतिक आहे, आणि अर्थशास्त्रज्ञ तो तळटिपेत उरकतात ही तक्रार रास्त आहे. नॅप आणि किंग्ज कॉलेजचे मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन प्रिन्स यांच्या गटांनी अल्झायमर्स सोसायटीसाठी २००७ मध्ये तयार केलेल्या अहवालात ब्रिटनमधील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची संख्या ६,८३,५९७ आणि वार्षिक खर्च १७ अब्ज पौंडांहून थोडा अधिक असा हिशेब मांडला गेला. त्यातला ३६ टक्के भाग कुटुंबीयांच्या बिनपगारी श्रमाचा होता, ४१ टक्के शुश्रूषागृहांतील निवासाचा, आणि राष्ट्रीय आरोग्यसेवेचा वाटा अवघा ८ टक्के. ज्याला सर्वजण वैद्यकीय समस्या म्हणत होते तिच्या खर्चातला दहावा हिस्साही वैद्यकीय नव्हता. २००९ मध्ये इंग्लंडचे स्मृतिभ्रंशविषयक राष्ट्रीय धोरण जाहीर झाले; त्याची पार्श्वभूमी तयार करण्यात या आकड्यांचा मोठा हात होता. परंतु त्याच आकड्यांनी वृद्ध हे अर्थव्यवस्थेवरील ओझे आहेत अशी वृत्तपत्री भाषाही रूढ केली, ही त्यांची दुसरी बाजू.

मोजपट्टी चुकली तर काय होते याचा धडा जर्मनीत मिळतो आणि तो या क्षेत्रातील कोणत्याही विद्यार्थ्याने बारकाईने वाचावा असा आहे. जर्मनीने दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा सामाजिक विमा लागू केला आणि १९९५ पासून त्याचे लाभ मिळू लागले. नोकरदार आणि मालक दोघे हप्ता भरतात, आणि गरज सिद्ध झाली की मिळकत न पाहता लाभ मिळतो. गरज ठरवण्यासाठी कायद्याने तीन पायऱ्या आखल्या आणि त्यांचे माप मिनिटांत ठेवले. पहिल्या पायरीसाठी दिवसाला किमान ९० मिनिटांची मदत लागली पाहिजे आणि त्यातली ४५ मिनिटांहून अधिक शरीरस्वच्छता, खाणे आणि हालचाल यांसाठी हवीत. तिसऱ्या पायरीसाठी पाच तास, त्यांतले चार शरीराशी संबंधित. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे माप नेमके बसते. पण स्मृतिभ्रंश झालेली जी बाई स्वतः चालू शकते, हाताने जेवू शकते, फक्त गॅस चालू ठेवून निघून जाते, दिवसातून वीस वेळा तोच प्रश्न विचारते आणि मध्यरात्री माहेरी जायला निघते, तिच्यासाठी या मापात शून्य मिनिटे होती. तिच्याजवळ दिवसभर कोणीतरी असावे लागते, आणि नुसते जवळ असणे हे काम या कायद्याला दिसत नव्हते.

दुरुस्ती व्हायला दोन दशके लागली. २००२ मध्ये अशा कुटुंबांना वर्षाला ४६० युरोपर्यंतची पूरक मदत मिळू लागली, जी प्रतीकात्मकच म्हणावी लागेल. २००८ मध्ये ती वाढवली गेली. दरम्यान २००६ मध्ये सरकारने गरजेची व्याख्याच नव्याने करण्यासाठी सल्लागार मंडळ नेमले, बिलेफेल्ड विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासकांनी नवी मूल्यमापनपद्धती तयार केली, आणि मंडळाने २००९ मध्ये अहवाल दिला. तो अंमलात आला २०१७ मध्ये. नव्या पद्धतीने मिनिटे काढून टाकली आणि ही व्यक्ती किती गोष्टी स्वतःच्या बळावर करू शकते हा प्रश्न मध्यभागी आणला. आकलन आणि संवाद, तसेच वर्तनातील अडचणी यांना स्वतंत्र स्थान मिळाले. आणि तीन पायऱ्यांच्या जागी पाच श्रेणी आल्या. मूल्यमापनाच्या एका नमुन्यावर आयुष्याची दहा-पंधरा वर्षे घालवणाऱ्या संशोधकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटते. लक्षावधी कुटुंबांची पात्रता त्या नमुन्याने बदलली.

जपानने २००० मध्ये आपला देखभाल विमा सुरू करताना जर्मनीचा अभ्यास केला होता, तरी तेथेही पहिल्या आवृत्तीत हीच चूक झाली. प्रश्नावलीची उत्तरे संगणकात घालून देखभालीस लागणारी मिनिटे काढायची आणि त्यावर तज्ज्ञांच्या मंडळाने शिक्कामोर्तब करायचे, ही पद्धत चालत्याफिरत्या रुग्णांची गरज कमी दाखवत असे, आणि काही वर्षांतच ती सुधारावी लागली. मात्र जपानचा एक निर्णय वेगळा आणि भारतीय वाचकाला विशेष विचार करायला लावणारा आहे. जर्मनीत कुटुंबाला सेवेऐवजी रोख रक्कम घेता येते. जपानमध्ये स्त्रीसंघटनांनी याला विरोध केला, कारण रोख रक्कम आली की सुनेने घरी बसावे हा दबाव पक्का होईल असे त्यांना वाटले. म्हणून जपानचा विमा मुख्यतः सेवा देतो, कुटुंबाच्या हाती पैसे ठेवत नाही.

पुरावा असला म्हणजे धोरण होतेच, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये देखभालीचा खर्च आरोग्यसेवेत येत नाही; ज्याच्याजवळ २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता आहे त्याला तो स्वतः करावा लागतो आणि शुश्रूषागृहात कायमचे जाणाऱ्या एकट्या माणसाचे घरही या हिशेबात धरले जाते. ही मर्यादा २०१० पासून बदललेली नाही. १९९९ च्या शाही आयोगाने आणि २०११ च्या डिलनॉट आयोगाने संशोधकांच्या पूर्वानुमानांच्या आधारे उपाय सुचवले. माणसाच्या आयुष्यभराच्या देखभाल खर्चाला कमाल मर्यादा घालण्याची तरतूद २०१४ च्या कायद्यात झालीही. ती आधी पुढे ढकलली गेली, मग बाजूला पडली, २०२१ मध्ये ८६,००० पौंडांच्या रूपात परत आली, पुन्हा पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये रद्द झाली. स्कॉटलंडने मात्र वृद्धांची वैयक्तिक देखभाल २००२ पासूनच विनामूल्य केली आहे. पुरावा दोघांपुढे एकच होता.

भारताचा या क्षेत्राशी असलेला संबंध केवळ परदेशी ज्ञान आयात करण्याचा नाही. १९९२ मध्ये केरळात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि १९९८ मध्ये कोची येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून ‘टेन सिक्स्टी-सिक्स’ हा संशोधनगट जन्माला आला. नावातला हिशेब असा : स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी ६६ टक्के लोक विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारलेल्या संशोधनातला १० टक्के भागही त्या देशांत होत नाही. प्रिन्स यांच्या नेतृत्वाखाली या गटाने लॅटिन अमेरिका, चीन आणि भारतात पाहण्या केल्या. भारतातील ठिकाणे तमिळनाडूत होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीचे निकष लावले तेव्हा ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण क्युबात ६.३ टक्के आले आणि ग्रामीण भारतात अवघे ०.३ टक्के. भारतीय खेड्यांत स्मृती शाबूत राहते, अशी अभिमानाची घोषणा यावरून करणे सोपे होते. संशोधकांनी तसे केले नाही. त्या निकषांत स्मृतीच्या ऱ्हासामुळे माणसाच्या सामाजिक व्यवहारात अडथळा आला पाहिजे अशी अट आहे, आणि ज्या घरात म्हाताऱ्या माणसाकडून कसल्याच व्यवहाराची अपेक्षा उरलेली नसते तेथे अडथळा आला असे नातलग सांगत नाहीत. शिक्षण आणि संस्कृती यांचा फरक लक्षात घेऊन या गटाने स्वतः बनवलेली निदानपद्धती त्याच लोकांना लावल्यावर प्रमाण अनेक पटींनी वाढले, आणि जुन्या निकषांतून निसटलेले हे लोक प्रत्यक्ष जगण्यात परावलंबी झालेले आहेत हेही आढळले. मोजपट्टी बदलली आणि न दिसणारी माणसे दिसू लागली, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

गोव्यातील काम या बाबतीत आणखी खोल जाते. विक्रम पटेल आणि प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्ध, त्यांचे नातलग, आरोग्यसेविका आणि डॉक्टर यांच्याशी गटचर्चा केल्या. स्मृतिभ्रंशाचे वर्णन ऐकताच लोकांनी ते ओळखले, अशी माणसे आमच्या वाड्यात आहेत असेही सांगितले. पण हा आजार आहे असे कोणी मानले नाही. एक तर हे वयाचेच लक्षण, किंवा मुलांनी हेळसांड केल्याचा परिणाम, अशी त्यांची समजूत होती. परिणामी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच भेटत, तर घरोघर फिरणाऱ्या सेविकांना ते नेहमी दिसत. एकत्र कुटुंब वृद्धांना सांभाळतेच हे गृहीतही या चर्चांत टिकले नाही : देखभाल पुष्कळदा वारशाच्या अपेक्षेशी बांधलेली होती. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी बनारसमध्ये राहून लिहिलेल्या १९९८ च्या पुस्तकात याच धाग्याचे दुसरे टोक दिसते. म्हाताऱ्याची बुद्धी ढळली की समाज आधी त्याच्या घरच्यांकडे बोट दाखवतो. मुलगा-सुनेने आजार लपवण्यामागे अज्ञानापेक्षा ही बदनामीची भीती अधिक असते, आणि जागृतीच्या मोहिमा आखणारे ती सहसा विसरतात.

निदानानंतर काय, याचे उत्तरही गोव्यातच शोधले गेले. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर एक यादृच्छिक चाचणी घेतली. यादृच्छिक म्हणजे कोणाला मदत आधी मिळणार आणि कोणाला सहा महिन्यांनी हे चिठ्ठी काढावी तसे ठरवलेले, जेणेकरून दोन्ही गटांची तुलना निर्दोष व्हावी. मदत देणारे तज्ज्ञ नव्हते. स्थानिक भाषा बोलणारे, थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले गृहदेखभाल सल्लागार होते. ते घरी जात, आजार समजावून सांगत, रात्रीची भटकंती किंवा चिडचीड कशी हाताळावी हे दाखवत, गरज पडल्यास डॉक्टरांशी जोडून देत आणि शासकीय योजनांची माहिती देत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देखभाल करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारले. ओझे हलके झाल्याचा आणि रुग्णांचे मृत्यू घटल्याचा कलही दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर खात्रीचा म्हणता येण्याजोगा नव्हता, आणि संशोधकांनी तसे लिहिलेही. लंडनमध्ये पाच वर्षांनी अशाच धर्तीवरच्या, मानसशास्त्राच्या पदवीधरांनी आठ बैठकांत देण्याच्या कार्यक्रमाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा तिची जगभर चर्चा झाली. गोव्याची चाचणी आधीची असूनही भारतातील आरोग्य कार्यक्रमांत तिला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही.

महाराष्ट्रातील चित्र विखुरलेले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने संस्कृत पंडिताच्या रूपाने हा आजार मराठी प्रेक्षकांच्या घरात आणला, आणि त्यात हत्तीवाल्याच्या बायकोने कसलेही शिक्षण नसताना केलेली देखभाल किटवुड यांना पटली असती. धोरणाच्या पातळीवर मात्र वृद्धांसाठीच्या तरतुदी वय आणि दारिद्र्य पाहतात, परावलंबन फारसे पाहत नाहीत. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतील रक्कम २०२५ पर्यंत ठणठणीत वृद्धाला आणि अंथरुणाला खिळलेल्याला सारखीच होती. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा मुलांकडून निर्वाहखर्च वसूल करून देऊ शकतो. मुले सांभाळत आहेत पण थकून गेली आहेत, अशा घराला देण्यासारखे त्याच्याजवळ काही नाही. ज्यांना परवडते ते मुंबई-पुण्यात ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवतात. ती बाई बहुधा स्वतःच्या घरातील म्हातारे कोणावर तरी सोपवून आलेली असते आणि तिने स्मृतिभ्रंशाविषयी काय शिकले आहे हे तपासणारी यंत्रणा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी कोण काय करते याची नोंदच नाही.

माहिती अगदीच नाही असे नव्हे. वृद्धत्वाचा देशव्यापी दीर्घकालीन अभ्यास, जो ‘लासी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वयित केला. ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोक त्यात सामील आहेत. त्याच्याच एका उपनमुन्यावर झालेल्या निदान-अभ्यासातून ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातल्यांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देतात असे आढळले, यात अर्थात मुलांचे संगोपनही आले. जर्मनीचा अनुभव माहीत असलेला वाचक येथे लगेच विचारील की, हात रिकामे ठेवून केवळ लक्ष ठेवण्याचा वेळ या मिनिटांत कितपत पकडला गेला आहे. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याइतकी सामग्री उपलब्ध आहे : दोन्ही पाहण्यांची मूळ आकडेवारी संशोधकांसाठी खुली आहे. अर्थशास्त्र, समाजकार्य, परिचर्या किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपैकी काहींनी ती महाराष्ट्रापुरती वेगळी काढून जिल्हा, जात, लिंग आणि मिळकत यांच्या अंगाने वाचावी आणि जेथे ती अपुरी पडते तेथे एखाद्या तालुक्यात स्वतः घरोघर जाऊन तासांची नोंद करावी, एवढी विनंती या प्रस्तावनेच्या निमित्ताने करणे उचित ठरेल.